सापाचे वेड असलेल्या मुलाला कोणत्या वाटेने न्यावे?



सोयाबीनची काढणी सुरू झाली की रेणापूर तालुक्यात आमचे गावोगाव फिरणे वाढते. शेंगा किती वाळल्या, बनीम कोठे लावली, मळणीयंत्र केव्हा येणार, अशा गोष्टी निघतात आणि बोलता बोलता सापाचा विषय आल्याशिवाय राहत नाही. बनीम उचलली की खाली धामण किंवा घोणस निघतेच. मग एखादा बाप बाजूला घेऊन हळूच विचारतो, "साहेब, आमचं पोरगं सापापायी येडं झालंय. कुठं साप निघाला की पुस्तक टाकून पळतंय. समजावून सांगितलं, दोन ठेवूनबी दिल्या. आता काय करावं?" हाच प्रश्न रेडिओच्या कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांतही असतो. म्हणून या वेळी खतामात्रा आणि फवारणी थोडी बाजूला ठेवून या प्रश्नाचे उत्तर देत आहे.

आधी एक गोष्ट सांगतो. पोराला मारू नका. साप, सरडे, घोरपडी, कासवे या सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास ही एक रीतसर विद्याशाखा आहे. तिच्यात पदव्या आहेत, नोकऱ्याही आहेत. नोकऱ्या थोड्या आहेत, हेही लगेच सांगून टाकतो. परंतु वाट नीट निवडली तर पोटही भरते आणि आवडही राहते. वाट चुकली तर मात्र पोरगे हातचे जाते.

आपला संबंध काय?

कुणी म्हणेल, कृषिखात्याच्या माणसाला सापाचे काय पडले आहे? तर मंडळी, उसात, हरभऱ्यात आणि घरातल्या कणगीत उंदीर किती खातो ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. धामण बिळात शिरून उंदीर खाते. हे काम कोणतेही औषध फुकट करीत नाही. तरीही धामण दिसली की आपण काठी शोधतो, कारण ती नागासारखी भासते. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. आपल्या शिवारात माणसाच्या जिवावर बेतणारे मुख्यतः चारच: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. दिवड, तस्कर, कवड्या, मांडूळ, डुरक्या घोणस हे सगळे बिनविषारी. हे चार ओळखता न आल्यामुळे बाकीच्यांचाही जीव जातो आणि कधी माणसाचाही.

माणसाचा जीव ही लहान गोष्ट नाही. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक खेड्यांतली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले आणि भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे असे त्यात ठरले आहे. हे काम करायला माणसे लागणार. डॉक्टर लागणार, जनावरांचे डॉक्टर लागणार, प्रयोगशाळेत काम करणारे लागणार, गावात जाऊन सांगणारे लागणार. ज्याच्या घरात कुणाला तरी साप चावलेला आहे, अशा शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी या कामात का नसावी?

पकडता येणे म्हणजे शिक्षण नव्हे

आजकाल प्रत्येक मोठ्या गावात एखादा सर्पमित्र असतो. त्यांतील चांगली माणसे रात्री-अपरात्री पदरमोड करून धावून जातात, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण पोरे बघतात ते काय? मोबाईलवरची चित्रफीत. फणा काढलेला नाग, शेपटीला धरलेला हात, भोवती माणसांची गर्दी आणि टाळ्या. तेवढे पाहून पंधरा-सोळा वर्षांचे पोर घरातली काठी वाकवून आकडा करते आणि निघते. हे बंद झाले पाहिजे.

केरळात वावा सुरेश हे फार नावाजलेले सर्पमित्र आहेत. हजारो साप पकडलेला हा माणूस. जानेवारी २०२२ मध्ये नाग पोत्यात भरताना तो त्यांना चावला. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कृत्रिम श्वासावर ठेवून डॉक्टरांनी त्यांना वाचविले. त्याआधीच, २०२० साली, केरळच्या वनखात्याने साप पकडणाऱ्यांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू केली होती. दुसरे उदाहरण त्याहून कठीण आहे. जोसेफ स्लोविन्स्की हे अमेरिकेतील नामांकित सर्पशास्त्रज्ञ. सप्टेंबर २००१ मध्ये ब्रह्मदेशाच्या दुर्गम भागात पिशवीतला एक लहानसा साप त्यांनी हातात घेतला. तो बिनविषारी असल्याचे त्यांना सांगण्यात आले होते. तो मण्यारीच्या कुळातला निघाला. दुसऱ्या दिवशी ते वारले. इतका शिकलेला माणूस, आणि एका चुकीच्या ओळखीने गेला. मग आपल्या पोराचे काय?

कायदाही समजून घ्यावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली साप मारणे, पकडून ठेवणे, त्याचे खेळ करणे, विकणे हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. २०२२ साली हा कायदा दुरुस्त झाला व दंडाच्या रकमा वाढल्या. पकडायचेच असेल तर वनखात्याची रीतसर परवानगी लागते. घरात साप निघाल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. तोवर एकाने दुरून त्याच्यावर नजर ठेवावी आणि पोराबाळांना बाहेर काढावे.

मांडुळाबद्दल वेगळे बजावतो. दुतोंड्या साप म्हणून त्याला लाखोंनी मोल देणारे गिऱ्हाईक आहे, अशी आवई उठवून तरुण पोरांना नादी लावणारे लोक हिंडत असतात. मांडुळाला तोंड एकच असते, शेपूट आखूड व बोथट असल्यामुळे ती तोंडासारखी दिसते. त्यात गुप्तधन काढण्याची ताकद नाही आणि कोणत्या रोगाचे औषधही नाही. या नादात पोलीस केस होते. एकदा नावावर गुन्हा चढला की वनखाते काय, कोणतीच सरकारी नोकरी पुढे सोपी राहत नाही.

पहिली वाट: पशुवैद्यक

माझे मत विचाराल तर शेतकऱ्याच्या मुलाने पहिल्यांदा ही वाट बघावी. बारावी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घ्यायचे, नीट परीक्षा द्यायची, आणि पशुवैद्यकाच्या पदवीला प्रवेश घ्यायचा. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. आपले भाग्य असे की यासाठी लांब जावे लागत नाही. उदगीरला आपल्याच जिल्ह्यात पशुवैद्यक महाविद्यालय आहे, परभणीला दुसरे आहे. दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली चालतात.

तुम्ही म्हणाल, तिथे तर गाई-म्हशी शिकवतात, सापाचा काय संबंध? पदवीत मुख्य भर पाळीव जनावरांवरच असतो, हे खरे. वन्यप्राण्यांचा भाग थोडा असतो. पण पुढे पदव्युत्तर शिक्षणात तो वाढवता येतो. नागपूरजवळ गोरेवाड्याला याच विद्यापीठाचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे. प्राणिसंग्रहालयातील अजगराला न्यूमोनिया झाला, घोरपडीचा पाय मोडला, कासवाची पाठ फुटली, तर उपचार पशुवैद्यच करतो. पुण्याच्या कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय, मुंबईची राणीची बाग, छत्रपती संभाजीनगरचे सिद्धार्थ उद्यान ही सगळी महापालिकांची आहेत आणि तिथे पशुवैद्य लागतात.

आणि समजा सापाचे काम नाहीच मिळाले. तर लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन पशुधन विकास अधिकारी होता येते, गावात स्वतःचा दवाखाना टाकता येतो. म्हैस आजारी पडायची थांबत नाही. म्हणून ही वाट मी आधी सांगितली.

विषावर औषध कसे बनते आणि त्यात कोण काम करते

सापाच्या अभ्यासाचा शेतकऱ्याला सगळ्यांत मोठा उपयोग येथे दिसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सर्पदंशावरची लस आपण सरकारी दवाखान्यात पाहतो. लहानशी बाटली, आत पांढरी भुकटी. तिच्यात पाणी घालून ती सलाईनमधून देतात. ती बनते घोड्याच्या रक्तापासून. साप धरून त्याचे विष काढतात, ते सुकवून भुकटी करतात. त्याचा अगदी थोडा, घोड्याला सोसेल एवढा अंश टोचतात. मग आठवड्यांच्या अंतराने मात्रा हळूहळू वाढवतात. घोड्याचे शरीर विषाविरुद्ध द्रव्ये तयार करू लागते. ती पुरेशी झाली की ठरावीक प्रमाणात रक्त काढून त्यातला पिवळसर द्रव वेगळा करतात आणि तांबड्या पेशी पुन्हा घोड्याला चढवतात. त्या द्रवावर प्रयोगशाळेत प्रक्रिया करून तो शुद्ध करतात, गोठवून सुकवतात. आपल्या देशात मिळणारे औषध नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर एकत्र चालते, म्हणून साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. त्यात वेळही जातो आणि दुसऱ्यालाही चावण्याची भीती असते.

आता मोजा यात किती जणांचे काम आले. साप सांभाळणारे व विष काढणारे. घोड्यांची निगा राखणारे पशुवैद्य. प्रयोगशाळेतले बी.एस्सी., एम.एस्सी. झालेले रसायन व सूक्ष्मजीवशास्त्रवाले. औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर. मुंबईच्या परळची हाफकिन संस्था १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी सुरू झाली व १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. तिथे सर्पालय उभे राहिले. डॉ. पी. जे. देवरस यांनी तेथे सापांवर वर्षानुवर्षे काम केले आणि १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचे भारतातील सापांवरचे पुस्तक काढले. औषधे बनविण्यासाठी १९७५ साली हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ वेगळे निघाले. त्याचे घोडे पिंपरीला असतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावलाही असे औषध बनविणारा खाजगी कारखाना आहे.

यात एक प्रश्न अजून सुटायचा आहे. एकाच जातीच्या सापाचे विष सगळीकडे सारखे नसते. तमिळनाडूतली घोणस आणि दुसऱ्या प्रांतातली घोणस दिसायला एकच, पण विषात फरक पडतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी हे दाखवून दिले आहे. आपल्याकडच्या औषधासाठी लागणारे विष वर्षानुवर्षे मुख्यतः तमिळनाडूतून आले. तेव्हा आपापल्या भागातल्या सापांच्या विषाचा अभ्यास होणे जरूर आहे. ज्याला संशोधनाची हौस आहे, त्याला येथे पुढची कितीतरी वर्षे पुरेल एवढे काम पडले आहे.

माणसांच्या डॉक्टरकीची वाट वेगळी सांगायला नको, ती सर्वांना माहीत आहे. पण आपल्या मराठवाड्याचे एक नाव सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर हे आजच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. गरिबीतून शिकले, नागपूरला एम.बी.बी.एस. केले आणि कोकणात महाडकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला गेले. तिथे विंचू आणि साप चावलेली माणसे समोर येत. विंचवाच्या दंशाने पोरे दगावत होती. त्यांनी प्रत्येक रोग्याच्या खाटेशी बसून नोंदी केल्या, रक्तदाबाच्या एका साध्या औषधाचा उपयोग शोधून काढला आणि ते काम जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांत छापले गेले. सर्पदंशावरही त्यांचे काम आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या हाताशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. खेड्यातला दवाखाना होता आणि नोंदवही होती.

जाता जाता, मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचे पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. असे दिसले तर देवऋषाकडे न जाता १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा. आखाड्यावर राखणीला झोपणाऱ्याने बाजेवर, मच्छरदाणी खोचूनच झोपावे.

वनखाते

लातूर जिल्ह्यात जंगल नावापुरतेच आहे, त्यामुळे आपल्या पोरांना वनखात्याची नोकरी सुचतच नाही. वनरक्षकाच्या जागेसाठी बारावी पास लागते. त्यात विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असावा लागतो. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावीची सवलत असते. लेखी परीक्षा व धावण्याची चाचणी असते, पुरुषांना पाच किलोमीटर आणि महिलांना तीन. आपली पोरे सकाळी पोलीसभरतीसाठी रस्त्याने पळतच असतात, तीच मेहनत येथे कामी येईल.

त्यावरचे पद वनक्षेत्रपालाचे. ते लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरतात. विज्ञान, कृषी, वनशास्त्र, पशुवैद्यक, अभियांत्रिकी यांचे पदवीधर बसू शकतात, म्हणजे माझ्यासारखा बी.एस्सी. कृषी झालेलाही. निवडलेल्यांना चंद्रपूर किंवा सांगली जिल्ह्यातील कुंडलच्या प्रबोधिनीसारख्या ठिकाणी शिकवतात. वनशास्त्राची पदवी आपल्याला जवळ नाही, अकोला आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांत आहे. भारतीय वनसेवेची परीक्षा केंद्राची, अवघड आहे, पण शेतकी पदवीवर तीही देता येते.

वनखात्यात गेलेल्याला रोज साप दिसेल असे नाही. अतिक्रमण, वृक्षतोड, वणवा, पंचनामे हेच काम जास्त. परंतु साप, घोरपड, कासव यांच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्याचा अधिकार याच माणसाच्या हातात असतो.

प्राणिशास्त्राची लांब वाट

ज्याला खरोखर सरपटणाऱ्या प्राण्यांचाच अभ्यास करायचा आहे, त्याची वाट प्राणिशास्त्राची. लातूरला विज्ञान महाविद्यालये चांगली आहेत. बी.एस्सी. तिथे होते, एम.एस्सी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातून करता येते. डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था १९८२ पासून आहे, तिथे वन्यजीव विज्ञानाची एम.एस्सी. असते. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातही वन्यजीवांवर एम.एस्सी. चालते. या दोन्ही ठिकाणी प्रवेशपरीक्षा कडक आणि जागा बोटावर मोजण्याएवढ्या. पण आत गेले की शिकवणी उत्तम.

त्यानंतर पीएच.डी. पाच-सहा वर्षे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत वरच्या यादीत आल्यास संशोधनवृत्ती मिळते. २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे, म्हणजे शिकतानाच घरावर भार पडत नाही. मात्र पीएच.डी. झाल्यावर नोकरी दारात उभी असते असे समजू नये. प्राध्यापक, संशोधन संस्था, वन्यजीव संघटना, संग्रहालये अशा जागा आहेत आणि त्यांसाठी स्पर्धा आहे. घरात दोन-चार वर्षे दम धरण्याची ताकद असेल तरच ही वाट धरावी.

या वाटेने गेलेली मराठी माणसे आहेत. डॉ. वरद गिरी यांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत अनेक वर्षे काम केले आणि सह्याद्रीतील पालींच्या नव्या जाती जगापुढे आणल्या. साताऱ्याच्या कास पठारावरच्या एका पालीला २०१४ साली त्यांच्या नावावरून नाव दिले गेले. भिंतीवरची पाल आपण झाडूने हाकलतो. तिच्या भाऊबंदांचा अभ्यास करून माणूस जगात ओळखला जातो, हे घरातल्यांना पटवायला हे उदाहरण सांगा.

पुण्याचे नीलिमकुमार खैरे यांची गोष्ट वेगळी आहे. १९८० साली ते ७२ तास ७२ विषारी सापांबरोबर एका काचेच्या खोलीत राहिले. हा विक्रम लोकांना आठवतो. पण माझ्या मते त्यांचे खरे काम नंतरचे. १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले आणि लाखो शाळकरी पोरांनी तिथे साप जवळून, काचेआडून पाहिला. पोराला सहलीला न्यायचेच असेल तर तेथे न्यावे.

पदवी नसेल तर

सगळीच पोरे विज्ञान शाखेला जात नाहीत. त्यांच्यासाठी दोन ठिकाणची हकिगत सांगतो, एक तमिळनाडूतली आणि एक आपल्या कोकणातली.

मद्रासजवळ इरुला नावाची आदिवासी जमात आहे. पिढ्यान्‌पिढ्या साप धरून त्यांची कातडी विकणे हा त्यांचा धंदा. १९७२ च्या कायद्यानंतर कातड्यांचा व्यापार बंद पडला आणि चुली विझायची वेळ आली. तेव्हा रोम्युलस व्हिटेकर या सर्पतज्ज्ञांच्या मदतीने १९७८ साली त्यांनी सहकारी संस्था काढली. सरकारी परवान्याने साप धरायचा, सुमारे तीन-चार आठवडे मडक्यात ठेवायचा, ठरावीक वेळा विष काढायचे, आणि खूण करून पुन्हा रानात सोडून द्यायचा. देशातल्या औषधासाठी लागणारे बहुतेक विष तिथून जाऊ लागले. त्याच जमातीतले मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना २०१७ साली अमेरिकेत फ्लोरिडाला अजगर शोधायला बोलावून नेले. २०२३ साली दोघांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडेही वैदू, गारुडी, पारधी यांच्या घरांत रानाची माहिती पिढीजात आहे. त्या माहितीला कायद्यात बसणारे काम मिळेल अशी संस्था आपल्याकडे निघाली नाही, ही खेदाची गोष्ट होय.

दुसरी हकिगत रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावची. समुद्री कासवे किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरीला जात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला शहरातून लोक येऊ लागले आणि गावातल्या घरांनी त्यांच्या जेवणा-राहण्याची सोय केली. गावाला त्यातून दोन पैसे मिळतात, आणि राखण गावातलीच पोरे करतात.

आतापासून घरी काय करावे

आठवी-नववीच्या पोराला एक दोनशे पानी वही आणून द्यावी. साप, सरडा, सापसुरळी, घोरपड जे दिसेल त्याची तारीख, वेळ, जागा, पाऊस होता का, शेतात कोणते पीक, हे लिहावे. दहा-पंधरा हात दुरून, मोबाईलने फोटो घ्यावा. आयनॅचरलिस्ट नावाच्या संकेतस्थळावर असे फोटो टाकले की जाणकार लोक त्यांची ओळख सांगतात आणि ती नोंद संशोधकांच्या उपयोगी पडते. हात लावायचा नाही, ही अट बापाने घालावी आणि ती मोडली तर मोबाईल काढून घ्यावा. इंग्रजी वाचण्याची सवय लावावी, कारण वरची सगळी पुस्तके इंग्रजीत आहेत.

मुलींच्या बाबतीत "पोरीच्या जातीला साप कशाला" असे म्हणू नये. बुलढाणा जिल्ह्यातल्या वनिता बोराडे यांना सापांच्या कामाबद्दल २०२१ सालचा नारीशक्ती पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला. शिवाय २०२४-२५ पासून, आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मागास व इतर मागास घटकांतल्या मुलींना राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क माफ केले आहे. कोणत्या महाविद्यालयाला व कोणत्या शाखेला ते लागू आहे, हे प्रवेशाआधी कचेरीत विचारून घ्यावे.

शेवटी कागदपत्रांचे. हुशार पोराचा प्रवेश मार्कांअभावी कमी आणि दाखल्याअभावी जास्त अडतो, असे आमच्या पाहण्यात आहे. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, म्हणून अकरावीतच अर्ज करावा. अधिवास आणि नॉन-क्रिमिलेअर बारावीच्या परीक्षेआधी हातात असावेत. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, तो एप्रिलमध्ये नवा काढावा. जूनमध्ये पेरणी आणि प्रवेश एकदमच येतात आणि तहसील कचेरीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा हे काम उन्हाळ्यातच उरकून घ्यावे.